डीकन पेटवेची दुसरी रांग

रविवारी सकाळी आठ वाजता डीकन ऑर्व्हिल पेटवे पांढरे हातमोजे चढवून मार्बरी स्ट्रीटच्या मधोमध येऊन उभा राहायचा. उपासना अकराची. तीन तास आधी रस्त्यावर तो आणि एक लठ्ठ मांजर, एवढीच काय ती वर्दळ. मांजरालाही तो हात दाखवून कडेला घ्यायचा. मांजर ऐकायचं.

मग गाड्या यायला लागायच्या. आमच्या माउंट हेब्रन बॅप्टिस्ट चर्चला पार्किंगची स्वतःची जागा कधीच नव्हती. चर्च बांधलं तेव्हा वॉशिंग्टनचा हा कोपरा आमचाच होता. गल्लीत काळ्या माणसाखेरीज कोणी दिसलं तर तो विमा विकणारा असायचा नाहीतर पोलीस, आणि दोघेही लवकर परतायचे. मंडळी चालत यायची. आता मंडळीतले निम्म्याहून जास्त लोक मेरीलँडात राहतात, कोणी वीस मैलांवर, कोणी तीस. कोणी घर विकून गेलं, कोणाचं भाड्याचं सुटलं, कोणाला घरपट्टी झेपेना. पण रविवारी सगळे परत हजर. कडेच्या जागेत रहिवाशांच्या गाड्या आधीच लागलेल्या, म्हणून आमच्या गाड्या त्यांना खेटून, भर रस्त्यात, दुसऱ्या रांगेत. साठ वर्षं हे असंच चाललं होतं. कायद्यात ते बसत नव्हतं, पण रविवारी कायदाही जरा उशिरा उठायचा.

दुसरी रांग लावणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. पेटवेने एकतीस वर्षं बसडेपोत काढली होती. कोणती बस पहाटे किती वाजता सुटणार त्यावरून आदल्या दिवशी ती कुठे उभी करायची, हे तो ठरवायचा. तीच विद्या त्याने प्रभूच्या चरणी वाहिली. कोणाला साखरेचा त्रास आहे आणि तो साडेबाराला उठणारच, कोणाच्या सुनेशी पटत नाही म्हणून कोण दोन वाजेपर्यंत घरी जात नाही, सगळं त्याच्या डोक्यात. नव्या रहिवाशांचाही त्याने अभ्यास केला होता. निळी गाडी साडेदहाला व्यायामाला जाते. लाल गाडी नवरा-बायकोचं भांडण झालं तरच हलते.

आणि मध्येच कोणा रहिवाशाला निघायचं झालं, तर त्याची सोय मी. माझं नाव लेमन ब्रिस्को. चौतीस वर्षं याच भागात टपाल वाटलं, आता चर्चच्या दारात हातमोजे घालून उभा असतो. पेटवे रस्त्यावरून खूण करायचा. उजव्या हाताची बोटं म्हणजे पुढून कितवा बाक, डाव्या हाताची म्हणजे कडेपासून कितवा माणूस. मूठ म्हणजे पाच, आणि मुठीमागून त्याच हाताची बोटं आली तर ती पाचात मिळवायची. मी आत जाऊन त्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचो. माणूस उठायचा, गाडी हलवायचा, परत येऊन बसायचा. पाळकांचं वाक्यसुद्धा तुटायचं नाही. अर्थात आमच्या पाळकांची वाक्यंही तशी लांबच असतात.

तीन वर्षांपूर्वी समोरच्या सत्तावीस नंबरात ग्रेचन नावाची बाई राहायला आली. आल्या आल्या तिने घराला करडा रंग दिला. आमच्याकडे घर करडं झालं की ते आमच्या हातातून गेलं असं समजायचं. मागच्या हिवाळ्यात मोजली तर गल्लीत एकोणीस घरं करडी होती. ग्रेचनबाई स्वभावाने चांगली. पावसाळी दिवसांत तिने माझा कचऱ्याचा डबा दोनदा आत लोटून ठेवला. पण एका रविवारी तिला अकरा मिनिटं गाडी काढता आली नाही, तेव्हा तिने तक्रार केली, आणि ऑगस्टमध्ये आमच्या दिव्याच्या खांबांवर नव्या कोऱ्या पाट्या झळकल्या. ऑक्टोबरपासून दुसऱ्या रांगेतली गाडी उचलून नेली जाईल, रविवारीसुद्धा.

त्याच आठवड्यात एका बिल्डरचं पत्र आलं. चर्चच्या जागेचा आकडा आमचे पाळक रेव्हरंड आयशम यांनी वेदीवरून वाचून दाखवला, तेव्हा गायकवृंदातल्या दोघींच्या तोंडून सूर न लावताच सूर निघाला. रेव्हरंड तरुण माणूस, चाळिशीचा. त्यांनी मेरीलँडात एक बंद पडलेलं गालिच्यांचं दुकान बघून ठेवलं होतं. तिथे चर्च हलवायचं की नाही, यावर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मंडळीने उभं राहून मत द्यायचं होतं.

"आणि तिथे पार्किंगच्या दोनशे वीस जागा आहेत!" रेव्हरंड म्हणाले. "रेघा मारलेल्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारातून मी पेटवेकडे पाहिलं. तो रस्त्यावर होता, त्याला ऐकू गेलं नव्हतं. ते मला सांगावं लागलं.

तेव्हापासून तो कुठे बसेना. संध्याकाळी माझ्या पायऱ्यांवर यायचा आणि उभाच राहायचा. इकडून तिकडे फेऱ्या घालायचा, गाडी दिसली की मान वळवायचा.

"रेघा मारलेल्या," तो म्हणाला. "लेमन, रेघा मारलेल्या जागेत गाडी कोणीही लावतं. माकडही लावेल."

"माकडाकडे परवाना नसतो."

"मेरीलँडात मिळत असेल."

"बस की जरा."

"तिथे मी काय करायचं, सांग ना. काय करायचं?"

"आत बसायचं. प्रवचन ऐकायचं."

"या वयात?"

बावीस वर्षांत त्याने एकही प्रवचन पुरतं ऐकलं नव्हतं. त्याची बायको ओडेसा गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीलाही तो बाहेर उभा होता. लोक म्हणाले, आता तरी आत ये. तो म्हणाला, चाळीस गाड्या आल्यात, तिला आवडलं असतं असं नीट लागायला नको का?

"माणसं मोजली मी," फेऱ्या घालता घालता तो म्हणाला. "आपण इथे राहणारे, आपण ठेवा म्हणणार. मेरीलँडवाले विका म्हणणार. त्यांना घराजवळ पडेल. थोडक्यात हरतोय आपण."

"विचारलंस का कोणाला?"

"विचारायचं काय त्यात? गेले ते गेले."

मला ते पटलं. त्या सगळ्यांचे बदललेले पत्ते मीच टपालावर चिकटवले होते. पत्ता बदलला की माणूस बदलतो, असं टपाल खात्याचंही मत आहे.

तेवढ्यात रस्ता ओलांडून ग्रेचनबाई आली. हातात कागद, चेहरा पडलेला.

"मिस्टर पेटवे, आधी एक सांगते. मला तुमच्या चर्चबद्दल फार आदर आहे."

"वाचला," पेटवे खांबाकडे बघत म्हणाला. "सरकारने मोठ्या अक्षरांत छापलाय."

ती लाल झाली, पण हटली नाही. कागद उलगडून म्हणाली, "चर्चच्या जागी काय येणार आहे, पाहिलंत? सहा मजले. दुपारी एकनंतर माझ्या सोलर पॅनेलवर सावली. आणि अठ्ठेचाळीस घरं. म्हणजे अठ्ठेचाळीस गाड्या."

"रोज," पेटवे म्हणाला.

"रोज," ती कुजबुजली.

"आम्ही रविवारीच यायचो."

"मला माहितेय हो."

पेटवे फेऱ्या घालायचा थांबला. असा थांबला की मला काळजी वाटली. त्याची नजर गल्लीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, डेपोत बस मोजताना जायची तशी.

"बाई, मतदानाच्या रविवारी दुपारी तुम्ही बाहेर जेवायला जाणार का?"

"नाही बहुतेक. का?"

"जाणार. सव्वा वाजता. आणि तुमच्या ओळखीचे आणखी सहा जण."

"सव्वा वाजता? कुठे टेबल मिळत नाही तेव्हा."

"जेवायचं कोणी सांगितलंय? फक्त निघायचं."

बेत असा होता. मतदान आशीर्वादानंतर, म्हणजे सव्वाला. मेरीलँडचे जे सात जण विकायला सगळ्यात उतावळे असणार, त्यांच्या गाड्या पेटवे नेमक्या या सात रहिवाशांच्या गाड्यांना खेटून लावणार. बरोबर सव्वाला सातही रहिवासी एकदम निघणार. खुणा होणार, सात खांद्यांना बोटं लागणार, सात मतं बाहेर. रिकाम्या झालेल्या जागेत त्यांनी लगेच गाडी घालू नये म्हणून रहिवाशांनी तिथे कचऱ्याचे डबे लावायचे. मग पूर्ण चौकाला वळसा. पुढचा रस्ता एकेरी, त्यापुढच्या रस्त्यावर रविवारचा भाजीबाजार. एक वळसा पंधरा मिनिटांचा.

"हे पाप आहे का रे?" ती गेल्यावर मी विचारलं.

"पार्किंग आहे," पेटवे म्हणाला.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, भाकर-द्राक्षरसाचा विधी. बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. रेव्हरंडांनी प्रवचनाला अब्राहाम घेतला, जो देवाच्या सांगण्यावरून तंबू उचलून निघाला. अब्राहामाने जागेला काय भाव आला ते विचारलं होतं की नाही, यावर ते काही बोलले नाहीत. मी दारात उभा होतो. बाहेर पेटवे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. दुसरी रांग त्याने अशी लावली होती की बघत राहावं. दोन आरशांमध्ये फक्त हाताचं अंतर, टोकापासून टोकापर्यंत सरळ.

एक वाजून चौदा मिनिटांनी समोरची करडी दारं उघडली. सात घरांतून सात माणसं बाहेर आली. इतक्या एकजुटीने ती गल्ली मी आयुष्यात पाहिली नव्हती, तक्रारीच्या वेळीही नाही.

पेटवेचे हात वर गेले. तीन आणि एक. मूठ, मग दोन, आणि दोन. चार आणि चार. मी आत गेलो.

सातव्या बाकावर डेक्स्टर मोबली झोपला होता. पंचविशी उलटली तेव्हापासून तो प्रवचनात झोपतो, आता सत्तरीला आला. खांद्याला बोटं लावली तसा दचकला.

"आमेन!"

"गाडी."

"आत्ता? मत देऊ दे की."

"बाई भुकेली आहे."

"तीन मिनिटं थांबली तर मरते का?" पुटपुटत तो उठला. जाता जाता माझी बाही धरली. "माझ्यासाठी थांबवून ठेव हं, ब्रिस्को. धर त्यांना."

मी मान हलवली. सातही गेले. बाहेर इंजिनं सुरू झाली, कचऱ्याचे डबे खडखडले. रेव्हरंडांनी घड्याळ पाहिलं.

"जागा विकावी असं ज्यांचं मत आहे, त्यांनी उभं राहावं."

पहिली उठली सिस्टर व्हर्नेल गॅस्किन्स.

मी डोळे चोळले असते, पण हातात मोजे होते. व्हर्नेल माझ्या शेजारच्या घरात राहते. तिचा जन्म त्याच घरातला. तिच्या मागोमाग एकतीस नंबरचा म्हातारा उठला, कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी उठल्या. ज्यांच्या दारात मी चौतीस वर्षं पत्रं टाकली, ती गल्लीतली माणसं एकामागून एक उभी राहत होती. मेरीलँडवाले बहुतेक बसून होते, हाताची घडी घालून.

मी सरकत व्हर्नेलच्या बाकाशी गेलो. "अगं, तू? तू तर इथे राहतेस!"

"म्हणूनच," ती पुढे बघत म्हणाली. "ते येतात एक दिवस, गातात, रडतात, चर्चच्या जेवणात मासे खातात आणि जातात. सोमवार ते शनिवार इथे कोण आहे, लेमन? सकाळी पायऱ्यांवर बसले तर येणारा-जाणारा मला बघून विचारतो, कोणाला शोधताय का म्हणून. मला!"

"मला सांगायचंस तरी."

"विचारलंस?"

मी दाराकडे धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाचा माणूस जे करतो ते. पायऱ्यांवर येऊन हात वर केले आणि तसेच राहिले. इतकी वर्षं आम्ही माणसांना बाहेर बोलवायच्या खुणा करत आलो होतो. आत बोलवायची खूण आमच्याकडे नव्हतीच.

पण पेटवेला ते खुणेशिवायच कळणार होतं. रस्त्याच्या तोंडाशी मोबलीची गाडी अडकली होती, काच खाली, आणि मोबली ओरडत होता.

"हे डबे काढ ना रे! मला आत जायचंय!"

"घाई काय आहे तुला?" पेटवे म्हणाला. अजून त्याचा आवाज डेपोतल्यासारखा होता.

"घाई? ते चर्च विकतायत तिकडे! मी नको म्हणणार आहे!"

"तू राहतोस की तिकडे. पाच मिनिटांवर पडेल तुला."

"मग मी तीस मैल कशाला येतो, वेड्या? गालिच्याच्या दुकानात जायला? माझी म्हातारी आई इथे त्या पायरीवर बसून वाटाणे सोलायची. रविवारी तू मला तिच्या घरासमोर उभं करतोस, दोन तास. आठवड्यात तेवढंच मिळतं मला!"

पेटवेचे हात हवेत होते. मग त्याने जे केलं ते बावीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. तो पळत सुटला. हातमोज्यांनीच कचऱ्याचे डबे फेकायला लागला, गाड्यांच्या टपांवर थापा मारायला लागला. "मागे! सगळे मागे! आत चला!" पण मागे यायला जागा कुठे होती? सात गाड्या बाहेर पडत होत्या, सात वळसा घालायला निघालेल्या, मागून भाजीबाजाराची गर्दी, आणि सगळ्यांचे भोंगे एकदम. रांग इतकी नेटकी लावली होती की ती उलटी फिरतच नव्हती. एखादं काम मनापासून केलं की असं होतं.

मी आत परतलो. "थांबा! बाहेर माणसं आहेत!"

"ब्रदर ब्रिस्को," रेव्हरंड शांतपणे म्हणाले, "दर रविवारी बाहेर माणसं असतात."

चव्वेचाळीस विरुद्ध एकोणचाळीस. विकायचं ठरलं.

बाहेर आलो तेव्हा भोंगे थांबले होते. पेटवे फुटपाथच्या कडेला बसला होता. बसलेला. मोबली आणि बाकीचे सहा जण एकेक करून वळसा घालून आले आणि गाडीतूनच चेहरे बघून समजले.

"आठ," पेटवे म्हणाला.

"सात होते," मी म्हणालो.

"आठवा मी. मी पण बाहेरच होतो."

ग्रेचनबाईही वळसा घालून परत आली. काच खाली करून हळूच विचारलं, "मिस्टर पेटवे, जमलं का?"

पेटवेने वर पाहिलं. "गाड्या फार सुंदर निघाल्या, बाई."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गालिच्याच्या दुकानात पहिली उपासना झाली. व्हर्नेल मेरीलँडात भाचीकडे राहायला गेली होती, तिच्या घराच्या भिंतीवर तीन प्रकारच्या करड्याचे नमुने लावून झाले होते. मी आणि पेटवे पहाटे त्याच्या गाडीतून गेलो. वाटेत तो नुसता मागे-पुढे आरसे बघत होता.

आठ वाजता तो हातमोजे घालून मैदानाच्या मधोमध उभा राहिला. मैदान एवढं की टोकाची रेघ डोळ्यांना दिसेना. मांजर नव्हतं. नऊच्या पुढे गाड्या आल्या. पहिली गाडी एका रेघेत शिरायला निघाली तर पेटवेने हात आडवा धरला आणि तिला भिंतीलगतच्या कोपऱ्यात घेतलं. दुसरी तिच्या शेजारी खेटून. तिसरी त्या दोघींच्या पुढ्यात आडवी. दीडशेच्या वर जागा मोकळ्या, आणि माउंट हेब्रनच्या साठेक गाड्या एका कोपऱ्यात एकमेकींना अडवून उभ्या. बायका दार थोडंसंच उघडून अंग चोरून बाहेर आल्या, टोप्या सांभाळत.

उपासना सुरू झाली. काचेचं दार होतं, मला बाहेरचं सगळं दिसत होतं. पेटवे चालत होता. या टोकाला जायचा, त्या टोकाला जायचा, आजूबाजूला बघायचा. कोणतंही करडं दार उघडत नव्हतं. कोणाला व्यायामाला जायचं नव्हतं, कोणाचं भांडण झालं नव्हतं. रेव्हरंडांचं वाक्य चालू होतं आणि माझं तिकडे लक्ष लागेना. मलाही एका जागी उभं राहवेना.

साडेबाराच्या सुमारास त्याचे हात वर गेले. उजवी मूठ, मग दोन बोटं. सातवा बाक. डाव्या हाताची दोन.

मी जाऊन मोबलीच्या खांद्याला बोटं लावली.

"आमेन!"

"गाडी."

त्याने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं, आणि उठला. मी त्याच्या मागे बाहेर आलो. मोबलीने ते रिकामं मैदान एकदा नीट बघून घेतलं.

"कोणाला निघायचंय?"

"कोणालाच नाही," पेटवे म्हणाला.

"मग?"

"जरा पुढे घे."

मोबलीने खिसे चाचपून किल्ली काढली, अंग चोरून गाडीत शिरला आणि गाडी चार फूट पुढे घेतली. पेटवेने हातमोजा वर करून ती थांबवली, वाकून मागच्या गाडीशी अंतर पाहिलं, आणि त्याला परत आत जायची खूण केली. ही खूण नवीन होती.